लाइन १७८, लाइन २५२: ईएल८४ च्या अ‍ॅम्प्लिफायरला एचटी रेग्युलेटर कसा बसवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोर्शी तालुक्यातलं गाव, भोवती संत्र्याच्या बागा. घरी स्वतः बांधलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही बाजूंना एकेक ईएल८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) पेंटोड जोडणीत, त्याआधी ईसीसी८३ (आवाज आधी वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह). ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी २५० व्होल्ट, ब्रिज, १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग आयआरएफ८४० मॉसफेट (उंच व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर; करंट ड्रेनमधून शिरतो, सोर्समधून निघतो, गेट त्याला आवरतो), गेटवर झेनरची (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडांची) माळ, बाहेर २७० व्होल्ट आणि तिथे २२० मायक्रोफॅरडचा दुसरा कंडेन्सर. दुपारी छान वाजतो. संध्याकाळी घुमायला लागतो, आवाजही दबतो. आजवर तीन मॉसफेट गेले. लाइन संध्याकाळी १७८ व्होल्टपर्यंत उतरते आणि रात्री उशिरा २५२ पर्यंत चढते, हे तुम्ही स्वतः मोजलं. आता विचारता की व्हॉल्व्हचाच रेग्युलेटर बांधू का.

बांधू नका. आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू, कारण मोजून विचारणारे फार थोडे असतात आणि तुम्ही मोजलं आहे. (एचटी म्हटलं की आपल्या गावात लोक वर खांबाकडे बघतात. इथे एचटी म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणारं डीसी.)

२३० च्या लाइनवर २५० देणारी सेकंडरी १७८ वर १९३ देते. त्याचा शिखर व्होल्टेज २७३. ब्रिजमध्ये दोन व्होल्ट गेले. आता तरंग (डीसीवर उरलेला चढउतार) बघा. दोन ईएल८४, प्रत्येकाच्या प्लेटला ४८ मिलिअँपिअर आणि स्क्रीनला (आतल्या जाळीला) साडेपाच, वर ईसीसी८३ चे थोडे, मिळून ११० मिलिअँपिअर धरा. १०० मायक्रोफॅरडवर सेकंदाला १०० वेळा भरणी होते, म्हणजे दोन भरण्यांच्या मध्ये कंडेन्सर जवळपास ११ व्होल्ट उतरतो. उतरलेल्या जागी तुमच्याकडे २६० व्होल्ट उरतात, आणि त्यातून तुम्हाला २७० हवेत. रेग्युलेटर जास्तीचं कापतो, कमी असलेलं भरत नाही. झेनरची माळ त्या वेळी चालतच नाही, गेट लाइनच्या तरंगाबरोबर वरखाली होतो आणि मॉसफेट तो तरंग इमानदारीने पुढे पाठवतो. संध्याकाळचं घुमणं हे आहे. रेग्युलेटर बिघडलेला नाही, उपाशी आहे.

आवाज दबण्याचं कारण मात्र फक्त एचटी नाही. ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) त्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे ना? त्याच्या ६.३ व्होल्टचे लाइन १७८ वर ४.९ होतात आणि २५२ वर ६.९. हीटरला साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. रात्रीचा आकडा काठावर बसतो, संध्याकाळचा पार खाली जातो. अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून (हीटर ज्याला तापवतो त्या नळीकडून) ४८ मिलिअँपिअर मागत राहिलं तर व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं. तेव्हा एचटी २७० वर खिळवून ठेवली आणि हीटर मोकाट सोडला, तर ते अर्धंच काम झालं. उलट दोन्ही सोबत उतरले असते तर व्हॉल्व्हला कमी त्रास झाला असता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: रेग्युलेटरच्या आधी लाइन सावरा. फ्रिजला लावतात तो रिलेचा स्टेबिलायझर, ५०० व्हीएचा, पुरेसा आहे. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ५५-६० वॅट खातो. मी पहिल्यांदा असा स्टेबिलायझर लावला तेव्हा शेजारचे काका बघून म्हणाले, "काहून भाऊ, गाण्याच्या पेटीलेही मोटारीवानी थाट लागते का?" लागते. रिलेचा स्टेबिलायझर टप्प्याटप्प्याने चालतो, टप्पा बदलताना खट वाजतो आणि बाहेरचा व्होल्टेज एका झटक्यात पंधरा-वीस व्होल्टने हलतो. नुसत्या स्टेबिलायझरवर ही उडी स्पीकरमध्ये ऐकू येते. मागे एचटी रेग्युलेटर असला की तो ती गिळतो. मोठा चढउतार स्टेबिलायझरने घ्यावा, बारीक रेग्युलेटरने. दोघांपैकी एकाच्याच डोक्यावर सगळं टाकलं की काय होतं, तेही मोजून बघा.

समजा स्टेबिलायझर नाही, आणि १७० पासून २६० पर्यंत सगळं मॉसफेटनेच सांभाळायचं. तर १७० ला पुरावं म्हणून सेकंडरी ३०० ची घ्यावी लागेल. तीच २६० ला ३३९ होते, शिखर ४८० च्या जवळ. ४५० व्होल्टचा कंडेन्सर गेला. ५०० व्होल्टच्या मॉसफेटला वर जागाच उरली नाही. आणि त्याच्या अंगावर २०० व्होल्ट गुणिले ११० मिलिअँपिअर, म्हणजे २२ वॅट सतत. मे महिन्यात, टिनाच्या खोलीत. याउलट स्टेबिलायझरने लाइन २०५ ते २४५ मध्ये ठेवली, तर तुमची आहे तीच २५० ची सेकंडरी पुरते: खाली ३०० च्या थोडी वर, वर ३७७ चं शिखर, आणि मॉसफेटवर जास्तीत जास्त ११ वॅट. नवा ट्रान्सफॉर्मर भरून घेण्याचा खर्च स्टेबिलायझरपेक्षा जास्त आहे.

तुम्ही कोणत्या महिन्यात मोजलं तेही सांगायला हवं होतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडं ताणावर (पाण्याविना) सोडली की बोअरच्या मोटारी बंद, आणि मग लाइन चढते. ताण तोडला की सगळ्या गावाचं ओलीत एकदम सुरू होतं, आणि तीच लाइन बसते. माझ्याकडे वरुडच्या बाजूला याच दोन पंधरवड्यांत सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचे आकडे सापडतात. एका आठवड्याच्या मोजणीवर ट्रान्सफॉर्मर ठरवू नका.

आता मॉसफेट का मेले. तुमच्या जोडणीत मला तीन कारणं दिसतात, आणि तिघांनी एकेक घेतला असेल तर नवल नाही.

गेट आणि सोर्समध्ये झेनर नाही. आयआरएफ८४० चा गेट सोर्सच्या तुलनेत २० व्होल्टच सोसतो. बाहेर कुठे क्षणभर शॉर्ट झालं, टेस्टरचं टोक घसरलं, तर सोर्स शून्यावर येतो आणि गेट २७० वर राहतो. संपलं. १२ व्होल्टचा एक झेनर, काही रुपयांचा.

दुसरं, बाहेरचा २२० मायक्रोफॅरड. स्विच टाकल्याबरोबर तो रिकामा असतो, म्हणजे मॉसफेटसाठी शॉर्टच. पुरता व्होल्टेज आणि कित्येक अँपिअर एकाच वेळी त्याच्या अंगावर येतात. हे मॉसफेट स्विचिंगसाठी घडवलेले असतात: पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघडे ठेवून उंच व्होल्टेजवर करंट वाहवला की आतल्या सिलिकॉनच्या चकतीवरची एखादी जागा इतरांपेक्षा तापते आणि तिथेच वितळते. डेटाशीटवरचे १२५ वॅट कव्हर २५ अंशांवर असतानाचे आहेत. आपल्याकडे मार्चनंतर २५ अंश पहाटेच बघायला मिळतात.

तिसरं म्हणजे उष्णता. तुम्ही अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी लिहिलीत, माप लिहिलं नाही, म्हणजे ती छोटी आहे. त्यावर रात्री २५२ ला १२ वॅट. सावकाश मेला असणार.

मी काय बांधेन ते आता सांगतो. फीडबॅकवाला (बाहेरचा व्होल्टेज बघून स्वतःला सुधारणारा) रेग्युलेटर नाही. तोही चांगला असतो. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीला उंचावर तरंगत ठेवून पुढे उंच व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर लावायची मायकेल मैडा यांची युक्ती १९८० पासून चालत आली आहे, आणि ज्याला १ टक्क्याच्या आत एचटी हवी त्याने ती जरूर करावी. पण तुमच्यासारख्या सिंगल एंडेड क्लास ए मध्ये (एका बाजूला एकच व्हॉल्व्ह, तो सतत चालू) करंट जवळपास स्थिर असतो, एचटी दोन-तीन व्होल्ट हलली तर ईएल८४ ला कळतही नाही. त्याला शांतता हवी, काटेकोरपणा नको. म्हणून साधा सोर्स फॉलोअर (गेटच्या मागोमाग सोर्स चालतो ती जोडणी), तुमचाच, नीट बांधलेला.

लाइनच्या बाजूचा कंडेन्सर १०० वरून २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा करा. तरंग अर्धा होतो, आणि स्टेबिलायझरची रिले बदलते त्या दहा-वीस मिलिसेकंदांत एचटी सुटत नाही. तिथून १५ किलोओहमचे दोन, २ वॅटचे रेझिस्टर एकामागे एक, आणि मग झेनरची माळ: १०० व्होल्टचे दोन आणि ७५ चा एक, सगळे १ वॅटचे. एकच ३० किलोओहमचा पाव वॅटवाला लावू नका. तो वॅटने मरतो, आणि साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरला २५० च्या वर व्होल्टेजही झेपत नाही. माळेच्या टोकापासून ४७ किलोओहम, आणि त्यापुढे जमिनीकडे १० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. सगळी शांतता या जोडीत आहे. झेनरची खरखर आणि उरलासुरला तरंग इथे शेकडो पटींनी कमी होतो. शिवाय हा कंडेन्सर बराचसा भरायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, तेवढ्या वेळात गेट हळूहळू चढतो, आणि त्याच्या मागोमाग बाहेरचा कंडेन्सरही हळू भरतो. तो बाहेरचा २२ मायक्रोफॅरडच ठेवा. मग स्विच टाकताना मॉसफेटवर येणारा घाव राहतच नाही.

त्या १० मायक्रोफॅरडपासून १० किलोओहम, आणि मग गेटच्या पायाला अगदी टेकवून २२० ओहम. टेकवून म्हणजे पाय आणि रेझिस्टर यांच्यात तार दिसता कामा नये. हा नसला की मॉसफेट ऐकू न येणाऱ्या वेगाने स्वतःच डोलायला लागतो, विनाकारण तापतो, आणि तुम्ही हीटसिंकला दोष देता. संशय आला तर बाजूला रेडिओ ठेवून दोन्ही बँडवर काटा फिरवा. अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर कुठे खसखस वाढली, तर डोलतो आहे.

करंटला लगाम हवा. सोर्स आणि बाहेरची एचटी यांच्यात ४.७ ओहम. एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर: बेस सोर्सकडे, एमिटर बाहेरच्या टोकाला, कलेक्टर १० किलोओहम आणि २२० ओहम यांच्या सांध्यावर. करंट १४० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो गेट खाली ओढतो. १२ व्होल्टचा झेनर गेट आणि सोर्समध्ये, तोही पायांजवळ.

इथे एक पेच आहे, मी स्वतः त्यात अडकलो होतो. लगाम लावला की फ्यूज उडत नाही. १४० मिलिअँपिअरला अडवलेला करंट एचटीच्या २५० मिलिअँपिअरच्या फ्यूजला जाणवतही नाही, आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात तर मॉसफेट ५३ वॅट अंगावर घेऊन शिजत बसतो. आयआरएफ८४० त्यात टिकणार नाही. म्हणून आयआरएफपी४६० घ्या: मोठ्या कव्हरचा, ५०० व्होल्टचा, उष्णता बाहेर टाकायला दुपटीहून सोपा. आणि हीटसिंकवर ८० अंशांना उघडणारा थर्मल स्विच लावून तो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत घ्या. हिशेब जमतो: सिंक ८० वर असताना ५३ वॅटला चकती १३० च्या आसपास जाते, १५० च्या आत.

हीटसिंक जुन्या इन्व्हर्टरचा किंवा यूपीएसचा चालतो. दर वॅटला दीड अंश चढणारा असला की झालं. ११ वॅटला सतरा अंश. खोली ४३ असली तर सिंक ६०. पेटीच्या मागे, बाहेर, पंख उभे. आत लावलात तर ईएल८४ त्याला शेकतात. मॉसफेटची मागची पाठ ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे ती लाइनच्या बाजूच्या पावणेचारशे व्होल्टवर आहे. अभ्रक किंवा सिलिकॉनचा कागद घाला, स्क्रूला बुश घाला, मल्टिमीटरने सिंक आणि पाठ यांच्यात जोड नाही हे बघा, आणि सिंक अर्थिंगला जोडा. कंडेन्सरसाठी जुन्या डबा टीव्हीचे बोर्ड शोधा, पण ते बहुधा ४०० व्होल्टचे निघतात. व्हॉल्व्ह थंड असताना लोड नसतो आणि तुमचा कंडेन्सर ४१५ पर्यंत चढतो, तेव्हा तो मोह टाळा.

बाजारात बनावट आयआरएफपी४६० पुष्कळ आहेत. नागपूरहून आणा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, लावण्याआधी तपासा: गेट आणि सोर्स जोडून टाका, ड्रेनला १ मेगाओहममधून ४०० च्या आसपास डीसी द्या आणि ड्रेनवर मीटर धरा. मीटर स्वतः थोडं खातो, म्हणून ३६० च्या आसपास दिसलं तर ठीक. दोनशेवर अडकलं तर दुकानदाराला परत.

आता व्हॉल्व्हच्या रेग्युलेटरबद्दल, कारण विचारलंत. ६०८० हा रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह सुंदर दिसतो, पण त्याच्या एकट्याच्या हीटरला अडीच अँपिअर लागतात, म्हणजे १६ वॅटची शेगडी आणखी एक. त्याचा कॅथोड २७० वर बसतो, म्हणून हीटरची वेगळी वाइंडिंग. आणि त्याला मॉसफेटपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज अंगावर टाकून हवा, जो संध्याकाळी तुमच्याकडे नसतो. थंड हवेच्या गावी करावा.

गॅस ट्यूबचं (गॅस भरलेली, ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारी ट्यूब) मात्र मला वेड आहे. ०ए२ चा जांभळट उजेड बघत मी ईसीसी८३ ला १५० व्होल्ट देतो. ५ ते ३० मिलिअँपिअरमध्ये ती सांभाळून घेते. फक्त तिच्यावर ०.१ मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर लावू नका, नाहीतर ती पेटते-विझते-पेटते आणि स्पीकरमधून टकटक येते. पेटायला तिला १८५ च्या आसपास लागतात. दोन सिरीजमध्ये लावून ३०० करणाऱ्यांना लाइन बसली की अंधारच दिसतो.

कोणी सांगेल, फक्त स्क्रीन रेग्युलेट करा, पेंटोडचा करंट स्क्रीनच ठरवते. खरं आहे, आणि ईएल३४ हा मोठा व्हॉल्व्ह असता तर मीही तेच सांगितलं असतं. त्याची प्लेट ८०० व्होल्टपर्यंत सोसते. ईएल८४ ची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट. तुमच्या कंडेन्सरवरचे साडेतीनशे थेट प्लेटला दिलेत तर ती लाल होईल.

इन्व्हर्टरवर लावत असाल तर एक सांगून ठेवतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरचा शिखर व्होल्टेज आणि मीटरवरचा आकडा एकच असतो. हीटर बरोबर राहतो, पण ब्रिजनंतर ३५३ च्या जागी २५० च मिळतात. लाइन गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायर घुमायला लागला तर उगाच खोलून बसू नका.

लाइनच्या तोंडाशी १ अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या मागे २७५ व्होल्टचा एमओव्ही (व्होल्टेज फार चढला की तो स्वतःवर घेणारा भाग). एकदा पावसाळ्याआधीच्या वावटळीत खांबावरचा न्यूट्रल सैल झाला आणि माझ्या मीटरवर ३७० च्या वर आकडा मी पाहिला. स्विचपर्यंत हात जायच्या आत कंडेन्सर सुतळी बॉम्बसारखा फुटला. खोलीभर कागदाचा भुगा. तेव्हा एमओव्ही नव्हता.

मोठ्या कंडेन्सरवर १०० किलोओहम, ३ वॅटचा कायमचा रेझिस्टर ठेवा, म्हणजे बंद केल्यावर दीड-दोन मिनिटांत तो रिकामा होतो. तरी हात घालण्याआधी मीटरने बघाच. घरात ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सेकंडरीच्या बाजूचा झटका त्याला दिसत नाही. अर्थिंगचं म्हणाल तर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळई आणि मातीत हवा शिरते, आणि जी अर्थिंग दिवाळीत उत्तम होती ती मे मध्ये नावापुरती राहते. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. काम करताना लाकडी पाटावर बसा, विशेषतः खोली सारवलेली असेल तर, आणि एक हात मागे ठेवा.

बांधून झालं की व्हॉल्व्ह लावू नका. लाइनला सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब धरून आधी बघा. तो लखलखीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंदावला तर तो काढा आणि एचटीच्या टोकाला २५ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. ते सुमारे ८० मिलिअँपिअर घेतात. थंड फिलामेंटला जास्त करंट हवा असतो, तो लगाम देत नाही, म्हणून ते सावकाश उजळले पाहिजेत. एकदम भपकन पेटले तर बीसी५४७ उलटा लागला आहे. अर्धा तास तसंच ठेवा, सिंकला हात लावण्याआधी मीटर लावा, आणि संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर मोठ्या कंडेन्सरवरचा आकडा पुन्हा घ्या. तो ३०० च्या खाली दिसला तर मला स्टेबिलायझरच्या बाहेरचा व्होल्टेज कळवा.